मागच्या चाकाची डगडग

मोटारीच्या पुढच्या चाकांत काही बिघाड झाला, तर त्याची वर्दी चालकाच्या हातांना तत्काळ मिळते, कारण स्टीअरिंग त्या चाकांशी दांड्यांनी जोडलेलेच असते. मागच्या चाकांना अशी थेट दाद मागण्याची सोय नाही, आणि म्हणून त्यांच्यातील दोष आसनातून, पाठीतून, पायाखालच्या पत्र्यातून, मागच्या काचेच्या खडखडाटातून, अशा आडवळणांनी चालकापर्यंत पोचतो, व पोचेपर्यंत त्याचे मूळ रूप इतके पालटलेले असते की तो चाकाचा आहे, शाफ्टचा आहे की पाट्यांचा, हे सांगणे सरावलेल्या माणसालाही कठीण जावे.

या प्रकरणापुरती डोळ्यांपुढे ठेवली आहे ती आपल्याकडे दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली जुन्या घडणीची गाडी: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडू लागलेली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली मोटार, किंवा मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर उत्तरपाड्याला बनत राहिलेली व २०१४ साली बंद पडलेली अँबॅसॅडर. मुंबईतील पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली, तरी खाजगी मालकीच्या पद्मिनी आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात आणि रस्त्यावर येतात. दोन्ही गाड्यांची मागची रचना तत्त्वतः एकच आहे. इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना. मधे लांब प्रॉपेलर शाफ्ट. मागे आडवे, पोकळ, पोलादी हाउसिंग, त्याच्या पोटात क्राउन-पिनियन व दोन बाजूंना दोन अ‍ॅक्सल. आणि हा सारा अवजड संभार दोन्हीकडच्या पाट्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला. एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून या मांडणीला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात. तिच्यात पाटे केवळ गाडीचा भार तोलत नाहीत. अ‍ॅक्सलला जागच्या जागी धरून ठेवणे, चाकांचा रेटा गाडीच्या अंगाला पोचवणे आणि ब्रेक दाबताना अ‍ॅक्सलला पीळ पडू न देणे, ही तिन्ही कामेही त्यांच्याचकडे सोपवलेली असतात. भाग मोजके, प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि बहुतेक सर्व उघड्या डोळ्यांना दिसणारे. तपास करणाऱ्याला याहून सोयीची रचना मिळणे नाही.

असे असताना या गाड्यांची डगडग वर्षानुवर्षे का रेंगाळते, याचे कारण माझ्या मते यंत्रात नसून तपासाच्या क्रमात आहे. गाडी गॅरेजात गेली की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'कोणता भाग गेला?' हा, आणि त्याचे उत्तर अनुमानाने देऊन प्रथम टायर, मग बेअरिंग, मग शॉकअ‍ॅब्सॉर्बर अशी बदलाबदल सुरू होते. मालकाचा खिसा रिकामा होत जातो आणि दोष बिनबोभाट तसाच नांदतो. वस्तुतः तो प्रश्न शेवटचा आहे. आधी विचारावयाचे ते हे, की डगडग कशाबरोबर वाढते, कशाबरोबर घटते आणि कशाने मुळीच बदलत नाही; कारण गाडीतील फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा स्वतःचा वेग असतो, आणि जो थरकाप ज्या वस्तूच्या वेगाशी इमान राखतो तो तिचाच असतो.

तथापि गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी एक गोष्ट उभ्या गाडीतच पाहून घेणे अत्यावश्यक आहे, आणि तिच्याबाबत मी कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही. डगडग जर एकाएकी सुरू झाली असेल, विशेषतः पंक्चर काढल्यानंतरच्या दोनचार दिवसांत, तर चाकाचे नट सैल असण्याचा संभव सर्वांत मोठा, आणि धोकाही सर्वांत मोठा तिथेच. चाकाची टोपी काढून प्रत्येक नटाच्या मुळाशी नीट पाहावे: नटाखालून निघून रिमवर बाहेरच्या अंगाला पसरत गेलेल्या तांबूस गंजाच्या बारीक रेघा दिसल्या, तर तो नट बरेच दिवस हलतो आहे आणि लोखंडावर लोखंड घासून पूड पडते आहे, याचा तो निर्विवाद पुरावा होय. नुसता पान्हा मारून अशा ठिकाणी भागत नाही. नट काढून रिमचे छिद्र पाहावे. ते लंबगोल झाले असेल, तर ती रिम कितीही आवळली तरी पुन्हा सैल होणार, सबब ती बाद करावी. रिम आणि ड्रम यांच्या बैठकीत अडकलेला खडा, गंजाची खपली किंवा रंगाचा जाड थर यांनीही चाक तिरके बसते, आणि महामार्गावर घाईने एकाच बाजूचे नट आधी पूर्ण आवळले गेले, तरी परिणाम तोच. बैठक तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले की यांपैकी कित्येक डगडगी तिथल्या तिथे निकालात निघतात.

एवढी खातरजमा झाल्यावर मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर गाडी न्यावी. ज्या वेगाला डगडग स्पष्ट जाणवते तो वेग गाठून, रस्ता निर्धोक असल्यास, गिअर न्यूट्रलला आणावा आणि इंजिन चालू ठेवून गाडी आपसूक वाहू द्यावी. थरकाप जसाच्या तसा राहिला, तर इंजिन, क्लच आणि त्यांच्या सोबत्यांना एकाच वेळी निर्दोष सोडून देण्यास हरकत नाही. तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये आणि चौथ्या गिअरमध्ये राखून पाहिला तरी हीच साक्ष मिळते. आता उरले चाक आणि प्रॉपेलर शाफ्ट, कारण ही दोन्ही रस्त्याच्या वेगाशी बांधलेली आहेत. परंतु त्यांच्यातही फरक करता येतो, तो असा. पद्मिनीचा ५.२० × १४ मापाचा टायर एका फेऱ्यात अदमासे १ मीटर ८० सेंटिमीटर अंतर तोडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर; म्हणजेच त्या वेगाला चाक सेकंदाला नऊ फेरे घेते. क्राउन-पिनियनच्या दात्यांच्या प्रमाणामुळे प्रॉपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या चौपटीहून थोडा अधिक फिरतो, म्हणजे सेकंदाला चाळिसाच्या घरात. नऊ हिसके अंगाला वेगवेगळे कळतात, आसन डुलल्यासारखे वाटते, मागे बसलेल्याचे खांदे हलतात. चाळीस हिसके वेगवेगळे कळत नाहीत, त्यांची सलग घरघर होते आणि ती तळव्यांना पत्र्यातून झिणझिण्यांसारखी लागते. ज्याला हा भेद एकदा अंगाने कळला, तो शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या सुया झिजल्याचे खापर टायरवर फोडणार नाही.

आता वेगाचा प्रश्न अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण चाकाच्या दोषांतही दोन जाती आहेत आणि त्यांचे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. एक जात वजनाच्या असमतोलाची. रिमच्या कडेला एका जागी ५० ग्रॅम जादा वजन आहे असे धरले, तर फिरताना ते चाकाला बाहेर ओढते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ताशी ३० किलोमीटरला ती पाऊण किलोच्या आत, ६० ला तीन किलोच्या जवळ, ९० ला साडेसहा किलो. म्हणजे बैलगाडीच्या चालीने जाताना जी डगडग जाणवते, ती बॅलन्सिंगच्या अभावाने होणे शक्यच नाही. दुसरी जात आकाराच्या दोषाची: रिम वाकलेली, टायर अंडाकृती झालेला, त्याच्या आतले थर सुटलेले, किंवा अ‍ॅक्सल वाकलेला. या दोषांना वेगाची गरज लागत नाही. ताशी २० ते ४० किलोमीटरच्या दरम्यानच मागचा भाग डावीउजवीकडे झुलू लागतो, आणि वेग वाढला की उलट ते झुलणे बारीक थरथरीत विरघळून जाते. तेव्हा हळू चालीत झुलणाऱ्या गाडीच्या रिमला शिशाचे तुकडे ठोकून घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

याच संदर्भात एक गोष्ट पुष्कळांना बुचकळ्यात टाकते, की ८० ला गाडी थरथरते आणि त्याहून वेग वाढवला की शांत होते, मग दोष खरा कसा? खरा असतोच. पाटे आणि टायर यांच्यामध्ये अडकलेल्या अवजड अ‍ॅक्सलला स्वतःचा एक झोका असतो, साधारण सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांचा. चाकाच्या फेऱ्यांची संख्या त्या झोक्याशी जुळली की लहानसा असमतोलही फुगून मोठा होतो, आणि जुळणी सुटली की ओसरतो. हा झोका आवरण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे. तो गळका झाला की डगडग वाढते हे खरे, पण तो तिचा जनक नव्हे. त्याला बदलून डगडग कमी झाली म्हणून तपास बंद करणे म्हणजे मूळ दोषाला अभय देणे होय.

रस्त्यावरचा तपास संपल्यावर एक अत्यंत स्वस्त कसोटी शिल्लक राहते, आणि ती बहुतेक कोणी करीत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. मागची दोन्ही चाके पुढे आणि पुढची मागे लावावीत. डगडग स्टीअरिंगमध्ये आली, तर दोष चाकाबरोबर प्रवास करून गेला, म्हणजे तो रिम किंवा टायरचा. ती मागेच राहिली, तर तो अ‍ॅक्सल, बेअरिंग, ड्रम किंवा पाट्यांचा. अर्ध्या तासाच्या या कामात निम्मे संशयित सुटतात.

यापुढे गाडी उचलण्याची वेळ येते. पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी पाचरी लावाव्यात, मागचे हाउसिंग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावे, जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये, आणि हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल करून चाक हातानेच फिरवावे. काही ठिकाणी एकच चाक उचलून इंजिनाने फिरवण्याची रीत आहे. तिच्यात डिफरन्शियलमुळे उचललेले चाक स्पीडोमीटरच्या काट्याच्या दुप्पट वेगाने फिरते, आणि गाडी जॅकवरून सुटली तर काय होईल याची कल्पना करवत नाही. हाताने फिरवण्यात ही भीती नाही आणि दिसतेही अधिक. चाकाजवळ एक वीट ठेवून तिच्यावर पेन्सिल अशी बसवावी की तिचे टोक रिमच्या कडेपासून केसभर दूर राहील. चाक सावकाश फिरवले की फट कोठे वाढते आणि कोठे बुजते हे स्वच्छ दिसते. पत्र्याच्या जुन्या रिमला दीड-दोन मिलिमीटरचा फरक क्षम्य समजावा, त्याहून अधिक नव्हे. मग पेन्सिल टायरच्या कुशीला आणि शेवटी धावेला लावून तेच पाहावे. रिम सरळ आणि टायर वाकडा असेल, तर टायर दोषी. त्याच्या धावेवरून तळहात फिरवावा. एखाद्या ठिकाणी टेंगूळ लागले किंवा नक्षी वळवळत गेलेली दिसली, तर आतले थर सुटले आहेत आणि तो टायर त्याच दिवशी उतरवला पाहिजे, कारण तो केव्हा फुटेल याचा नेम नाही. क्वचित बाहेर काढल्या जाणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. २००० सालापासून टायरच्या कुशीवर जो चार आकडी शिक्का असतो त्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, तो अवश्य वाचावा.

रिमच आऊट आहे असे ठरले, तरी फैसला देण्यास अजून अवकाश असतो, कारण वाकडी रिम आणि वाकड्या अ‍ॅक्सलवर बसवलेली सरळ रिम या दोन्ही सारख्याच डुलतात. कोकणातील एका निवृत्त गुरुजींच्या पद्मिनीचा दाखला येथे देण्याजोगा आहे. पावसाळ्यात मोरीच्या कठड्याला मागचे उजवे चाक घासले, आणि तेव्हापासून गाडी पंचवीस-तीसच्या वेगाला झुलू लागली. टायर नवे झाले, बॅलन्सिंग झाले, झुलणे कायम. मेकॅनिकने पेन्सिल लावून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, रिमच आऊट मारतेय, दुसरी टाकू या." गुरुजी तयारही झाले होते. त्याआधी खडूची कसोटी करून पाहू, असे ठरले. जिथे रिम सर्वांत बाहेर येत होती तिथे रिमवर खडूने एक खूण केली, आणि तिच्या नेमक्या समोर ड्रमवर दुसरी. नट काढले, बैठक पुसून घेतली, आणि चाक अर्धा फेरा पुढे सरकवून पुन्हा चढवले, म्हणजे रिमवरची खूण आता ड्रमवरच्या खुणेच्या बरोबर विरुद्ध बाजूला गेली. चाक सावकाश फिरवले. रिम बाहेर येत होती ती आता तिच्या स्वतःच्या खुणेपाशी नव्हे, तर ड्रमच्या खुणेपाशी. रिम निर्दोष ठरली. ड्रम उतरवून अ‍ॅक्सलच्या फ्लँजला डायल गेज लावला, तेव्हा काटा एक मिलिमीटरहून थोडा अधिक हलला, तेवढाच. पण फ्लँजच्या कडेचा एक मिलिमीटर चाकाच्या मध्यापासून जितके दूर जावे तितका वाढत जातो, रिमपाशी तिप्पट आणि टायरच्या धावेपाशी त्याहूनही मोठा होतो, आणि एवढा फरक मोटारीचा सगळा मागचा भाग झुलवायला पुरेसा असतो.

बेअरिंगची परीक्षा त्याच बैठकीत उरकावी. चाक वर आणि खाली धरून आळीपाळीने आतबाहेर ढकलावे, मग डावीउजवीकडे धरून तसेच करावे. दोन्ही वेळा ढिलाई जाणवली आणि कान लावल्यास खट्‌ असा आवाज आला, तर बेअरिंग गेले. ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर तेलाचा ओघळ दिसणे हा त्याचा जोडपुरावा, कारण बेअरिंग सैल पडले की सील टिकत नाही, आणि हाउसिंगमधले तेल लायनरवर उतरून त्या चाकाचा ब्रेक दगा देऊ लागतो. कोणत्या बाजूचे बेअरिंग गुणगुणते हे रस्त्यावरही कळते: घाटात डावे वळण घेताना भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा आवाज चढला तर उजवे, उजव्या वळणावर चढला तर डावे. ज्या गाड्यांत अ‍ॅक्सल स्वतःच गाडीचा भारही तोलतो आणि चाकही फिरवतो, तिथे बेअरिंगला धरून ठेवणारी कडी निसटली तर चाक अ‍ॅक्सलसकट बाहेर येऊ शकते. म्हणून चाक सरळ स्वतःकडे ओढून पाहावे, आणि जाणवण्याइतके बाहेर आले तर गाडी त्या जागेवरून चालवत नेऊ नये.

आतापर्यंतचे सर्व दोष फिरणाऱ्या वस्तूंचे झाले. पाट्यांचा दोष फिरत नाही, आणि म्हणून त्याचे लक्षणही निराळे: त्याला वेगाचे बंधन नसते, खड्डा, वळण आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्याशी त्याचे नाते असते. पाय दाबला की गाडीची शेपूट एका बाजूला सरकते, पाय उचलला की दुसऱ्या बाजूला, आणि चालकाला विनाकारण स्टीअरिंग सावरावे लागते. अशा वेळी पाट्यांच्या टोकांचे पिन-बुश आणि शॅकल झिजलेले असतात, किंवा यू-बोल्ट सैल पडून पाट्यांना एकत्र गुंफणारा सेंटर बोल्ट तुटलेला असतो. त्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीत बसलेले असते आणि तेच अ‍ॅक्सलला पुढेमागे सरकू देत नाही. ते तुटले की एका बाजूचे चाक मागे रेलते आणि गाडी खेकड्याच्या चालीने चालू लागते. फितीने पाट्याच्या पुढच्या पिनेपासून हाउसिंगपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले म्हणजे फरक लगेच उघडकीस येतो. फीत हाताशी नसल्यास रस्त्यावरच्या डबक्यातून गाडी सरळ नेऊन पुढे कोरड्या डांबरावर उमटलेले ओले पट्टे पाहावेत. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या तुलनेत एकाच बाजूला सरकलेले असले, तर गाडीखाली शिरून यू-बोल्टांना पान्हा लावणे क्रमप्राप्त आहे. बुश पाहताना गाडी चाकांवर उभी असू द्यावी आणि शॅकलच्या सांध्यात टॉमी घालून हलवावी.

डगडग फक्त ब्रेक दाबतानाच होत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही. निर्मनुष्य रस्त्यावर मंद वेगात हँडब्रेक हलकेच ओढावा. तो केवळ मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे हिसके आले तर मागचाच ड्रम.

दोन लहान कारणे अशी आहेत, की ती कळली नाहीत तर वरचा सगळा खटाटोप व्यर्थ जावा. नायलॉनच्या जुन्या पद्धतीच्या टायरांवर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, की जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊन बसतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी ठेचाळत चालते. टायर तापले की ते जाते, म्हणून बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची परीक्षा ती चांगली चालवून झाल्यावरच करावी. आणि कोकणात पावसाळ्यात जांभ्या मातीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसून वाळतो. त्याचे वजन रिमच्या कडेलाच असल्याने तो सरळ असमतोल निर्माण करतो. तो आतून खरवडून, धुऊन काढावा, मगच बॅलन्सिंगचा विचार करावा.

राहता राहिला वाकलेला अ‍ॅक्सल. या गाड्यांचे उत्पादन थांबले असल्याने तो बहुधा कुर्ल्याच्या किंवा चोर बाजाराच्या भंगारातूनच मिळवावा लागतो, आणि तेथून आणलेला अ‍ॅक्सल सरळ आहे असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. लेथवर दोन्ही टोकांच्या मध्यबिंदूंत धरून तो फिरवावा, फ्लँजला आणि बेअरिंगच्या बैठकीला डायल गेज लावावा, दात्यांची संख्या आणि लांबी जुन्याशी ताडून पाहावी, आणि दात्यांच्या मुळाशी बारीक चीर नाही ना, हे रॉकेलने पुसून, वाळवून, खडूची पूड लावून पाहावे. चिरेत शिरलेले रॉकेल पुडीवर ओल्या रेघेने उमटते. लेथवाले पुष्कळदा वाकलेला जुनाच अ‍ॅक्सल दाबून सरळ करून देण्याची तयारी दाखवतात, आणि काटा स्थिर झालेला पाहून मालकाला मोहही होतो. परंतु एकदा वाकून पुन्हा सरळ केलेल्या कडक पोलादात दिसणार नाही अशी चीर राहून जाण्याची भीती असते, आणि ज्या दांड्याच्या टोकाला माणसे बसलेल्या गाडीचे चाक आहे त्या दांड्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. दुसरा अ‍ॅक्सल मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी, आणि तो बसवताना बेअरिंग, त्याची कडी व सील ही तिन्ही नवी घालावीत, कारण कडी एकदा प्रेसने उतरवली की तिची पूर्वीची पकड उरत नाही.